परस्थानाचं गाठोडं

रविवार, २९ मार्च २०२६

अपेक्षा,

सोमनाथ आणि मी काल दुपारी जर्मनीत पोचलो. आई अजून तुझ्याकडेच आहेत, हे आज सकाळी आकाशनं फोनवर पक्कं सांगितलं. आशामावशीचा हा मुलगा बुधवारी स्वतःच्या रिक्षातून त्यांना भावसिंगपुऱ्यात तुझ्या दारी सोडून आला होता, त्यामुळं त्याच्या सांगण्यावर शंका घ्यायचं कारण नाही. तो म्हणाला, मोठी मावशी पुढच्या खोलीत दिवाणावर बसून असते, गाठोडं मांडीला लावून, आणि गल्लीत गाडी थांबली की पदर सावरते.

त्यांना सांग, आता सावरू नका. कुणी येणार नाही.

शुक्रवारी दुपारी तू फोन केलास आणि दादा खरंच येतोय का असं विचारलंस. मी म्हणाले, "येतील. जेवायला थांबणार नाहीत." तेव्हा आमची गाडी समृद्धीवर होती, मुंबईच्या दिशेनं, आणि सोमनाथ माझ्या शेजारी मान टाकून झोपला होता. जेवायला थांबणार नाहीत असं सांगूनही तू पुरण घातलंस. संध्याकाळी आकाश आला तेव्हा पोळ्यांचा डबा झाकलेला तसाच होता, त्यानं दोन खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या म्हणाला. तुझ्या हाताला चव होतीच.

अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय, तेव्हा आधी हिशोब सरळ करून घेऊ. कॉलेजात तीन वर्षं आपण एका बाकावर बसलो. तूच मला गारखेड्याच्या घरी नेलंस, तूच भावासाठी माझं नाव पुढं केलंस. माझ्या लग्नाला वर्ष होत नाही तोवर तू अभयशी कोर्टात लग्न केलंस. आई म्हणाल्या, बौद्धाच्या घरी गेलेली लेक मला नाही. सोमनाथनं त्यांच्यासमोर समईवर हात ठेवून सांगितलं की तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. ते मात्र त्यानं पाळलं. बाकी तो फारसं काही पाळत नाही.

तुझ्या सासूबाईंना, कडूबाईंना, हे गाठोड्याचं प्रकरण समजलं नसेल. त्यांच्याकडं मुहूर्त बघतच नाहीत. त्यांना असं सांग: लांब जाणाऱ्याला निघायचा चांगला मुहूर्त मिळतो बुधवारी आणि विमान असतं शनिवारी. मग बुधवारी त्याच्या अंगावरचा एखादा कपडा, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी असं बांधून जायच्या दिशेला दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायचं. याला परस्थान ठेवणं म्हणतात. माणूस घरातच असतो, पण निघाला असं धरायचं. खरं निघताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं व्हायचं. आईंच्या मते ते उचलल्याशिवाय माणूस गावाची शीव ओलांडूच शकत नाही. सोमनाथच्या मते तो एक जुना सदरा होता.

ते ठेवायचं होतं शेजारच्या काकासाहेबांकडं. त्यांचं घर आमच्या पश्चिमेलाच आहे. आई म्हणाल्या, मी ठेवून येते, आणि आकाशच्या रिक्षात बसल्या. दोन घरं पलीकडं जायला रिक्षा कशाला, हे कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं असं तू म्हणशील.

जाताना त्यांनी बरोबर दशम्या आणि ठेचा घेतला होता. तो संपला असेल. तुझ्या घरचं त्या खाणार नाहीत. लेकीच्या घरचं खायचं नाही हा त्यांचा नियम आहे. नियम लेकीचा आहे की त्या घराचा, हे त्यांना विचारून बघ, आता वेळ भरपूर आहे. तोवर आशामावशी आकाशबरोबर दौलताबादहून डबा पाठवतेय.

त्यांना अजून काही माहीत नाही. सांगायचं काम तुझं.

राजनंदिनी


सोमवार, ३० मार्च

अपेक्षा,

तुझी एवढीच ओळ आली: "आईला मी काय सांगू?"

मला विचारतेस? तुझे वडील गेले तेव्हा ती बातमी आईंना मी सांगितली. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, गुडघे बदलावे लागतील, विकलेली शेती परत येणार नाही, हे सगळं मीच सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच ते करून आले. अकरा वर्षांत एक वाईट बातमी तुझ्या वाट्याला आली, तर लगेच विचारायला लागलीस.

तुझ्या दादाचं म्हणशील तर आई दौलताबादला आशामावशीकडं आहेत असं तो समजून आहे. रोज संध्याकाळी विचारतो, "आई बरी आहे ना?" मी म्हणते, बऱ्या आहेत. ते खोटं नाही. मग तो आपल्या दगडांकडं वळतो. त्याला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, आणि त्याच्या आधीच्या माणसानं कुंडीत लावलेलं एक झाड. त्याला तो पाणी घालतो.

तू आमचं मागचं वर्ष बघितलं नाहीस. सांगते.

गेल्या एप्रिलमध्ये त्याला इथलं बोलावणं आलं. कॉलेजनं वर्षाची रजा दिली. आपल्याकडचा काळा दगड इथल्या काळ्या दगडाशी ताडून बघायचा, एवढंच काम, पण ते करायला बोलावलं होतं दोघांना, बायकोच्या राहण्याजेवणासह. ते वाचून मी दुपारी एकटीच घरभर फिरले. संध्याकाळी आईंनी फर्मान काढलं: समुद्रापलीकडं जाणारा माणूस सगळ्या सोयऱ्यांच्या घरी जेवल्याशिवाय जात नसतो.

झालं. वर्षभर आम्ही रविवारी घरी जेवलो नाही. दौलताबाद, वैजापूर, कन्नड, सिल्लोड, जालना. कुळाचार म्हणून तुळजापूर आणि माहूर. माहूरच्या पायऱ्यांवर आईंचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता, आणि वर पोचल्यावर त्यांनी देवीला मोठ्यानं सांगितलं, माझा सोमनाथ एकटा परमुलखात चाललाय, त्याला सांभाळ. एकटा हा शब्द मी तिथं पहिल्यांदा ऐकला. धापेनं चुकून निघाला असेल असं वाटलं.

वैजापूरला तात्यासाहेब, तुझे थोरले चुलते, पंगतीत म्हणाले, "बापू, हितं काय दगडं कमी पडली का? आमच्या रानातनं ट्रॉली भरून देतो, घरी बसून मोज." सगळे हसले. सोमनाथही. मग त्याला टॉवेल-टोपी, पूर्ण पोशाख, शाल. काकूनं मला नुसतं कुंकू लावलं. जाणाऱ्या बाईची ओटी भरतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पदर पुढं धरून उभी राहिले. काकूनं कुंकवाच्या डबीचं झाकण लावलं आणि ताटं उचलायला वळली. मी पदर तसाच हळूच मागं घेतला, कुणी बघितलं नाही असं समजून. गाडीत सोमनाथ म्हणाला, विसरली असेल ती.

कन्नडला विसरले. सिल्लोडला विसरले. दौलताबादला आशामावशीनं सांगून टाकलं. मावशी मनात काही ठेवत नाही. म्हणाली, "तुपली ओटी कामून भरायची बाई? तू तर हितंच हायस ना मनकर्णाबाईपाशी, तुपल्या सासूपाशी." आई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी प्रत्येक घरी आमच्या आधी फोन करून ठेवला होता.

माझ्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी गुलमंडीत आईंच्या गुडघ्याचा पट्टा आणायला गेले होते. आईंनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "सून कुटं चाललीय? तिचं काय काम हाय तिकडं? लिहून घ्या तसं." त्यानं लिहून घेतलं. ते निस्तरायला काकासाहेबांना माझ्याबरोबर ठाण्यात यावं लागलं. परत येताना ते म्हणाले, "सूनबाई, म्हातारीला दुखवू नका, पण विमानात मात्र बसा." वर्षभरात मला तसं म्हणणारा तो एकच माणूस.

आई पांगळ्या नाहीत, हे तू आता बघतेच आहेस. जिना उतरतात, स्वतःचं करून खाऊ शकतात. त्यांना फक्त हाक मारायला माणूस लागतं.

आणखी एक सांगते, तुला बरं वाटेल. प्रत्येक घरून निघताना आई फराळातला एक लाडू वेगळा बांधून घ्यायच्या. कुणासाठी म्हटलं की गप्प. गारखेड्याला आल्यावर तो देवापुढं दोन दिवस राहायचा. मग मी तो गाईला घालायची. तो तुझा होता, हे मला पहिल्याच रविवारी कळलं होतं. इतकी वर्षं तू नव्हतीस, तरी तुझा लाडू निघतच होता. मी समोर होते, माझी ओटी निघत नव्हती.

राजनंदिनी


बुधवार, १ एप्रिल

अपेक्षा,

आकाशचा फोन आला. तू काल आईंना सांगितलंस म्हणे. तो डबा घेऊन आला होता, त्याच्यासमोरच. तू त्यांच्या पायाशी बसलीस, हात धरलास, आणि म्हणालीस, आई, दादा गेला. त्या हसल्या.

"खुळी हायस तू," त्या म्हणाल्या. "गाठोडं हितं हाय, मग त्यो जाईल कसा?"

तू पुन्हा सांगितलंस. विमान, जर्मनी, शनिवार. त्यांनी गाठोड्याची गाठ सोडून तुला सदरा दाखवला आणि परत बांधला. मग आकाशकडं वळून म्हणाल्या, ही लहानपणापासून अशीच हाय, भेदरट. आकाशला तिथं बसवेना, तो पायरीवर येऊन उभा राहिला.

मला हे ऐकायला मिळायला नको होतं, पण मिळालं.

कडूबाईंचंही त्यानं सांगितलं. रोज सकाळी त्या चहा करून आईंच्या शेजारी ठेवतात, थंड झाला की उचलतात, काही बोलत नाहीत. काल बोलल्या. "घ्या इहीणबाई. तुमच्या लेकीनं नाय केला, म्या केलाय. लेकीचा नियम मला कुटं लागतो?"

आई म्हणाल्या, "मला चहा चालत नाय."

"व्हय का? गारखेड्यात दोन टायमाला कपभर लागतो म्हनं. अपेक्षा सांगत व्हती."

आईंनी कपाकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. कडूबाई कप तिथंच ठेवून भाजी निवडायला बसल्या, आईंच्या समोरच, पाय पसरून. या दोघींचं पुढं काय होईल ते बघायला मला आवडलं असतं.

आता तुला जे हवंय ते. मी असं का केलं?

फेब्रुवारीत आशामावशीकडं दुसऱ्यांदा जेवण झालं. दुपारी सोमनाथ म्हणाला, चल, किल्ला चढू, जायच्या आधी एकदा. आई मावशीशी बोलत बसल्या. अंधारीत, किल्ल्यातल्या त्या काळोख्या भुयारात, शिरलो तेव्हा पुढं वाटाड्या बॅटरी घेऊन, मागं शाळेची पोरं ओरडत. मधे एका वळणावर वाटाड्या पुढं गेला आणि आमच्यापाशी काही दिसेना. वटवाघळांचा वास. तिथं सोमनाथ म्हणाला, "राजू, मी काय म्हणतो, एकच वर्ष आहे. आईजवळ कोण राहील?"

वर्षभर तो प्रत्येक घरी पाटावर बसून जेवला, शाल घेतली, फोटो काढले. हे वाक्य बोलायला त्याला चेहरे दिसणार नाहीत अशी जागा लागली. बाहेर आल्यावर त्यानं मला अंजिरं घेऊन दिली आणि मी ती खाल्ली.

तरी त्यानं माझं तिकीट रद्द केलं नाही. ठरवतही नाही, मोडतही नाही. मार्च उजाडला तरी मी जाणार की राहणार हे घरात कुणी सांगू शकत नव्हतं, मी माझी बॅग पलंगाखाली भरत होते आणि आई माझ्यासमोर शेजारणीला सांगत होत्या की आता उन्हाळ्यात पापड आम्ही दोघीच करू.

मग तो बुधवार. दिवेलागणीला आकाश एकटाच परत आला. सोमनाथ आत बॅगा वजनाला लावत होता. आकाशनं मला फाटकाशी थांबवलं आणि आईंचा निरोप सांगितला, त्यांच्याच शब्दांत. "सोमनाथला म्हणावं, गाठोडं बहिणीच्या घरी हाय. तिच्या दारातनं उचल. अकरा वर्षं झाली, दोघं माझ्यासमोर बोला. अन् राजनंदिनीला माझ्यापाशी ठेव, मग सुखानं जा."

म्हातारीनं डाव चांगला मांडला होता. तो आला असता तर भावाबहिणीची भेट, आणि तुझ्या पुढच्या खोलीत, तुझ्या, अभयच्या, कडूबाईंच्या समोर आई रडल्या असत्या, आणि तो म्हणाला असता, राजू राहील. अशा वेळी तो माझं नाव फार पटकन देतो. तो आला नसता तर जाणंच नाही. दोन्हीकडून मी गारखेड्यातच. त्यांनी एकच गोष्ट धरली नाही, की तो गाठोड्याशिवाय जाऊ शकतो.

मी आकाशला म्हणाले, सांगते त्याला, शुक्रवारी जाताजाता अपेक्षाकडून उचलून पुढं जाऊ. आत गेले आणि सोमनाथला म्हणाले, "आई काकासाहेबांकडं गाठोडं ठेवून तशाच दौलताबादला गेल्या. तुला निघताना बघवणार नाही म्हणाल्या. वर्षभर तिथंच राहते म्हणतात."

तो बॅगेवर बसला. मी त्याचा चेहरा बघत होते. आधी त्याला वाईट वाटलं, मग हायसं वाटलं. मग म्हणाला, "मग तू चल की."

एवढंच. वर्षभर जेवणं झाली, देव झाले, पोलीस ठाणं झालं, आणि शेवटी मी बॅगेवर बसलेल्या माणसाच्या एका वाक्यात सुटले. शुक्रवारी काकासाहेबांच्या दारावरून गाडी गेली. त्यानं विचारलं, ते गाठोडं? मी म्हटलं, कुलूप आहे, जालन्याला गेलेत. काकासाहेब आत पेपर वाचत होते. सोमनाथ म्हणाला, राहू दे, जुनाच सदरा आहे.

निघण्याआधी त्यानं अंगणातून आईंना फोन लावला होता. त्यांचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता, त्या विसरून गेल्या होत्या. आत वाजलेला मला ऐकू आला. तो म्हणाला, उचलत नाही, रागावलेली दिसते. मी म्हटलं, असेल.

तू मला चांडाळीण म्हणशील. म्हण. पण हे आधी ठरव की तुझी आई तुझ्या दारी आली ती तुझ्यासाठी आली का. ती मुलाला अडवायला आली आणि सुनेला बांधायला आली. तुझं घर तिला खुंटी म्हणून लागलं.

इथं दिवसभर मला कुणी हाक मारत नाही. पहिल्या दिवशी मी दोनदा उगाचच "आले" म्हणाले. सोमनाथनं वर बघितलं, मग परत खाली.

राजनंदिनी


शुक्रवार, ३ एप्रिल

अपेक्षा,

आशामावशीनं डबा बंद केला. आजचा शेवटचा. तिनं आकाशला सांगितलं की सख्खी लेक समोर असताना मी रोज भाकरी पोचवायची हे शोभत नाही, लोक मला विचारायला लागले. आकाशनं ते मला जसंच्या तसं ऐकवलं आणि पुढं म्हणाला, "वहिनी, मला ह्यात घेऊ नका. तुम्ही मला बी फसवलं. रविवारी मी मोठ्या मावशीपाशी बसून दादाला व्हिडिओ लावणार. तुम्ही उचला नायतर नका उचलू, मी लावत राहीन." वहिनी म्हणताना त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

मी म्हटलं, लाव. रविवारी अकराला लाव, आमच्याकडं तेव्हा साडेसात वाजतात, तो उठलेला असतो.

त्याला वाटलं होतं मी हातापाया पडेन.

तुझा मेल परवा सोमनाथला आला, हेही तुला कळायला हवं. कॉलेजच्या संकेतस्थळावर त्याचा पत्ता अकरा वर्षं होता, तू आत्ता वापरलास. मी शेजारीच बसले होते. त्यानं तुझं नाव वाचलं. आत काय लिहिलंय ते न बघता त्यानं संगणकाचं झाकण लावलं आणि चहा करायला उठला. दोन कप केले. चहा पिताना म्हणाला, आई बरी आहे ना? मी म्हटलं, का, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, सहज.

तेव्हा मी त्याला फसवलंय असं तू जे समजतेस ते अर्धंच धर. त्याला विचारायचं नाही.

कडूबाई काल आईंना काय म्हणाल्या ते तू मला लिहिलंस, रागानं का होईना. "लेकरू यायचं असतं तर गाठोड्यासाठी नाय, आईसाठी आलं असतं बाई." आणि आई भिंतीकडं तोंड करून झोपल्या, उठल्याच नाहीत. तू लिहितेस की हे बोलायला नको होतं सासूबाईंनी. मला उलट वाटतं. गेल्या आठवडाभरात त्या घरात खरं बोललेली ती एकच बाई. मी हे लांबून लिहितेय, त्या समोर बसून बोलल्या, एवढाच फरक.

तू विचारतेस, मी परत येऊन आईंना घेऊन जाईन का. नाही. गारखेड्याच्या घराची किल्ली मी शुक्रवारी सकाळीच काकासाहेबांकडं देऊन ठेवली, तुला हवी तर घे. आईंना तिथं नेऊन ठेवलंस तर त्यांच्याजवळ तुला राहावं लागेल; त्यांना एकटीला झोप येत नाही, कुणीतरी कूस बदललेली ऐकू यावी लागते. सकाळी पाणी कोमट लागतं. भाजीत दाण्याचा कूट जास्त झाला तर त्या सांगत नाहीत, फक्त ताट बाजूला सारतात. गुडघ्याला तेल डाव्या हातानं लावायचं, उजवा हात जड पडतो म्हणतात. हे सगळं शिकायला मला वेळ लागला. तुला लवकर जमेल, आई तुझी आहे.

रविवारी काय होईल ते सांगून ठेवते, म्हणजे तुझी तयारी असेल.

आकाश माझ्याच फोनवर लावेल, सोमनाथचा तिकडचा नंबर इथं बंद आहे. या वेळी मी तो उचलून सोमनाथच्या हातात देईन. त्याला आई दिसतील, आणि मागं तुझी भिंत, बाबासाहेबांची तसबीर, दारात उभ्या कडूबाई. त्याला समजायला वेळ लागणार नाही. तो मंद नाही. तू फोनच्या चौकटीत येशील तेव्हा तो तुझ्याकडं बघणार नाही. आई गाठोडं उचलून कॅमेऱ्यासमोर धरतील आणि म्हणतील, हे बघ, हितं हाय, कधी येतोस? तेव्हा तो माझ्याकडं बघेल. मी काही बोलणार नाही. त्याची इथली सगळी कागदपत्रं परवा पुरी झाली, पहिलं व्याख्यान मंगळवारी आहे, परत जायचं म्हटलं तर जे काही परत करावं लागेल ते त्याच्याच्यानं होणार नाही, हे त्याला मी सांगायची गरज नाही. मी आठवडाभर थांबले ते याचसाठी.

तो म्हणेल, "बघतो आई. सुट्टी मिळते का बघतो." मग आवाज तुटतोय असं म्हणेल. मग आत जाऊन नळ सोडेल आणि रडेल, बराच वेळ. बाहेर आल्यावर माझ्याशी दोन दिवस बोलणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी मीठ कुठं ठेवलंय म्हणून विचारेल.

तिकडं आकाश पुढचं भाडं आलंय म्हणून निघून जाईल. आईंना तेव्हा पटेल. तू सांगून पटलं नाही, त्याच्या तोंडून पटेल. त्या गाठोडं खाली ठेवतील की धरून बसतील ते मला सांगता येत नाही. पण दुपार होईल, आशामावशीचा डबा येणार नाही, आणि तुला ताट वाढावं लागेल. वाढ. त्यांच्यासमोर ठेव आणि बाजूला हो.

जेवल्या तर वर्षभर तुझ्या. नाही जेवल्या तरी तुझ्याच.

राजनंदिनी